निघंटूंतलें कोष्ठ आणि डोंगरावरलें कोष्ठ

वैद्यकाचे जुने ग्रंथ वाङ्मय म्हणून वाचण्याची आपल्याकडे फारशी चाल नाहीं. निघंटु तर त्यांतला सर्वांत रुक्ष प्रकार. नांवें, गुण, दोष, मात्रा, आणि पुन्हां पुढच्या वनस्पतीचीं नांवें. वैद्य तो कामापुरता उघडतो, पंडित शब्दाच्या शोधांत उघडतो, आणि इतरांस तो उघडण्याचें कारणच पडत नाहीं. तथापि एकाच वनस्पतीचा धागा धरून हे ग्रंथ, आणि त्यांच्या आधींमागून लिहिलेले परदेशीयांचे ग्रंथ, ओळीनें वाचीत गेलें तर त्यांच्यांतील एक मोठी उणीव नजरेस येते. तिची चर्चा करण्याकरितां आम्ही येथें कोष्ठ ही वनस्पति घेतली आहे. तिच्याविषयीं लिहिणारांची परंपरा वेदकालापासून अखंड चालत आलेली आहे; आणि ती वनस्पति स्वतः मात्र आपल्या मूळच्या ठिकाणीं नष्ट होण्याच्या पंथास लागलेली आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध असावा असें आमचें मत आहे.

कोष्ठ म्हणजे संस्कृतांतील कुष्ठ, हिंदींतील कुठ. आपल्या गांध्याच्या दुकानीं यालाच उपळेट म्हणतात. रोगाचें नांव आणि त्या औषधाचें नांव एकच पडल्यामुळें संस्कृत वाचणारा अनेकदां चकतो, आणि मराठींत 'कोष्ठ' म्हटलें कीं पोटाचा कोठा आठवतो. पण तें असो. मूळ वस्तु काय तें सांगितलें पाहिजे. काश्मीरच्या उत्तरेस गुरेझ व किशनगंगेच्या खोऱ्याकडील डोंगरांवर, सुमारें ८,५०० पासून १३,००० फुटांपर्यंतच्या उंचीवर, ओलसर उतारांवर व देवदार-भूर्जांच्या वरच्या कुरणांत ही वनस्पति उगवते. खोड पुरुषभर उंच वाढतें, खालचीं पानें हातभर लांब व कडेला कातरलेलीं, आणि शेंड्यावर गर्द जांभळीं, जवळजवळ काळीं दिसणारीं गोंड्यासारखीं फुलें. वर्षांतले कित्येक महिने ती बर्फाखालीं असते. तिचें सगळें मोल मुळांत आहे. तें मूळ जाड, तेलकट व सुवासिक; दमा, खोकला, पोटशूळ यांवर तें चालतें, धूपांत जळतें, आणि काश्मिरी शालींच्या घड्यांत कसर लागूं नये म्हणून ठेविलेंही जात असे. पान तोडलें तर झाड जगतें, फळ घेतलें तरी जगतें. मूळ खणलें म्हणजे तें झाड तेथेंच संपलें. या एका गोष्टीचा विसर पडला तर पुढील सर्व इतिहास कळणार नाहीं.

अथर्ववेदाच्या पांचव्या, सहाव्या आणि एकोणिसाव्या कांडांत कुष्ठाला उद्देशून सूक्तें आहेत. तक्मा नांवाच्या ज्वराचा नाश करणारी ती वनस्पति होय, असें तेथें पुनःपुन्हां म्हटलें आहे. या सूक्तांचें एक वैशिष्ट्य असें कीं, ऋषीला ती वनस्पति कोठें जन्मते हें नीट ठाऊक आहे आणि तो तें विसरत नाहीं. ती हिमवंतावर जन्मली, गरुडांच्या जन्मस्थानीं जन्मली, असें सांगून तो तिला हाक मारतो. पण त्याच पांचव्या कांडांतील सूक्तांत दोन गोष्टी अशा आहेत कीं त्या वाचतांना आम्ही थबकलों. एक ही कीं, तिची कीर्ति ऐकून लोक धन घेऊन तिकडे जातात. दुसरी अशी कीं, उत्तरेस हिमवंतावर जन्मलेली ही वनस्पति पूर्वेकडील लोकांत नेली जाते आणि तेथें तिचीं उत्तम नांवें वांटलीं जातात. म्हणजे ज्या ठिकाणीं ती उगवते त्या ठिकाणीं तिला नांव नाहीं. जेथें ती विकली जाते तेथें तिचीं नांवें! प्राचीन कवीनें सहज केलेली ही नोंद पुढच्या सर्व ग्रंथांस लागू पडते, हें त्यास अर्थातच ठाऊक नव्हतें.

ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रवर्णनांत हें मूळ सिंधूच्या मुखावरील बंदरांतून आणि भडोचेहून परदेशीं जात असल्याचें लिहिलें आहे. त्या लेखकानें डोंगर पाहिला नव्हता. त्यानें धक्का पाहिला. त्याच्या यादींत कोष्ठ, जटामांसी व गुग्गुळ हीं एकाच पंक्तीस बसलेलीं आहेत. व्यापाऱ्याच्या लेखांत त्याहून अधिक अपेक्षा करणें अन्यायाचें होईल.

अपेक्षा करावी ती गार्सिया द ओर्ताकडून. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला, मुंबई बेट त्याजकडे खंडानें होतें, आणि १५६३ सालीं त्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यांतच छापून निघाला. त्यांतील सतरावा संवाद कोष्ठाविषयीं आहे. (याच संवादांत पटकीच्या रोगाचें तें सुप्रसिद्ध वर्णनही आलें आहे, आणि आपली 'मोडशी' पोर्तुगीज वेष घेऊन युरोपांत कशी गेली तें मराठी वाचकानें मुद्दाम पाहण्यासारखें आहे.) ओर्ताचा संवादांतील प्रतिपक्षी रुआनो हा पुस्तकी पंडित. प्राचीनांनीं अरबी, हिंदी व सिरियन असे कोष्ठाचे तीन प्रकार सांगितले आहेत, असें तो म्हणतो. ओर्ता त्यास समजावतो कीं प्रकार तीन नसून एकच, आणि भेद पडला तो माल कोणत्या वाटेनें गेला त्यावरून. ग्रंथप्रामाण्याविरुद्ध डोळ्यांचें प्रामाण्य उभें करणाऱ्या या माणसाबद्दल आम्हांस मोठा आदर आहे. तो गुजराथी व्यापाऱ्यांस विचारतो, मलायी नांव मिळवितो, उपळेट हें नांव नोंदतो. परंतु उत्पत्तिस्थानाचा प्रश्न आला तेव्हां त्यास व्यापाऱ्यांच्या तोंडून मांडू-चितोडकडील मुलूख तेवढा कळला. म्हणजे जेथून माल अहमदाबादेस उतरे तेथवर तो मागें गेला आणि थांबला. डोळ्यांचें प्रामाण्य मानणाऱ्या ओर्ताचे डोळेही बाजाराच्या वेशीपलीकडे गेले नाहींत.

एकोणिसाव्या शतकांत ह्यू फाल्कनर या इंग्रज सरकारच्या नोकरींतील स्कॉच वनस्पतिशास्त्रज्ञानें काश्मिरांत जाऊन हें झाड प्रत्यक्ष पाहिलें, आणि प्राचीनांचें 'कोस्तस' तें हेंच असें ठरविलें. झाडाला त्यानें नांव दिलें तें गव्हर्नर-जनरल ऑकलंड साहेबांचें. हिमवंताचें अपत्य अशा रीतीनें लाट साहेबांच्या दत्तक गेलें. पुढें शास्त्रज्ञांनीं तें नांव बाजूस सारलें ही गोष्ट निराळी. फाल्कनरचें वर्णन उत्तम आहे. सप्टेंबर-आक्टोबरांत मुळें खणतात, दोन ते सहा इंच लांबीचे तुकडे करितात, बैलांवर लादून पंजाबांत उतरवितात, तेथून बराचसा माल मुंबईस येऊन तांबडा समुद्र, इराणी आखात व चीन या दिशांस जातो, हें सर्व तो लिहितो. दरसाल किती मूळ खणलें जातें याचा त्यास मिळालेला अंदाज वीस लक्ष पौंडांचा. हा आकडा लिहितांना त्यास विस्मय वाटला असावा, पण चिंता वाटलेली दिसत नाहीं. वीस लक्ष पौंड मूळ म्हणजे किती रोपें, आणि तीं पुन्हां उगवावयास किती वर्षें, हा हिशेब मांडण्याचें त्या काळीं कोणाच्याच मनांत आलें नाहीं. त्याच्या अहवालांत आलेली किंमतींची चढण मात्र नमुनेदार आहे: डोंगरावर मातीमोल, आणि कलकत्त्यास पोंचेपर्यंत अनेक पटींनीं वाढलेली.

आतां आपल्या निघंटूंकडे वळूं. सोळाव्या शतकांतील भावमिश्राचा 'भावप्रकाश' हा या वर्गांतील बहुधा सर्वांत अधिक वाचला गेलेला ग्रंथ. त्याच्या लेखणीची सफाई निर्विवाद आहे. एका वनस्पतीचीं सारीं नांवें दीड श्लोकांत बसवावीं, उरलेल्या अर्ध्यांत रस, वीर्य आणि कोणकोणते रोग ती हटविते तें सांगावें, आणि तरी श्लोक अडखळूं नये, हें सोपें काम नव्हे. पण याच ग्रंथांत एक प्रकरण असें आहे कीं त्याकडे वाङ्मयाच्या टीकाकारानें अवश्य लक्ष द्यावें; तें म्हणजे प्रतिनिधि-द्रव्यांचें. अमुक न मिळालें तर तमुक घ्यावें अशी ती यादी. जीवक, ऋषभक, मेदा इत्यादि अष्टवर्गाविषयीं भावमिश्र सांगतो कीं तो राजांनाही अति दुर्लभ झाला आहे, यास्तव त्याचे प्रतिनिधि घ्यावे. पुष्करमूळ न मिळालें तर त्याच्या जागीं कोष्ठ घालावें, असेंही त्यानें सांगितलें आहे.

हीं वाक्यें लिहिणारा मनुष्य दुर्मिळतेशीं परिचित होता. राजाच्या आज्ञेनेंही जी वस्तु येत नाहीं ती कां येत नाहीं, हा प्रश्न त्याच्या दारांत उभा होता. त्यानें तो आंत घेतला नाहीं. एक वनस्पति संपली तर तिच्या आसनावर दुसरी बसवावी आणि काढा उकळत राहावा, एवढीच त्याची व्यवस्था. रोग्याच्या दृष्टीनें ती शहाणपणाची आहे, आणि वैद्यानें रोग्याच्या दृष्टीनें पाहावें हें योग्यच. परंतु या व्यवस्थेचा परिणाम असा होतो कीं कोणत्याही वनस्पतीचा अभाव ग्रंथांत कधीं जाणवतच नाहीं. प्रत्येक रिकामी जागा तत्काळ भरली जाते. आज पुष्करमूळ आणि त्याचें प्रतिनिधि असलेलें कोष्ठ, हीं दोन्हीं मूळच्या डोंगरावर दुर्मिळ झालीं आहेत. आतां त्या यादींत तिसरें नांव कोणाचें घालावयाचें?

आमचे कांहीं वैद्य मित्र येथें रागावतील आणि चरकाचें कल्पस्थान पुढें करितील. तें त्यांनीं अवश्य करावें, कारण तो आधार बळकट आहे. कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत जांगल, आनूप व साधारण अशा भूमींचें वर्णन आहे. कोणतें द्रव्य कोणत्या भूमींतून घ्यावें तें सांगितलें आहे. शाखा-पानें कोणत्या ऋतूंत, साल कोणत्या ऋतूंत, आणि मुळें ग्रीष्मांत किंवा शिशिरांत, पानांची झड व फूट पाहून घ्यावीं असा नियम आहे. घेणाऱ्यानें उपोषित, शुचि आणि शुभ्रवस्त्र असावें, देवतांची पूजा करून मग हात लावावा, असेंही आहे. चरकाचा हेतु औषधाचें वीर्य टिकावें हा होता, रोपाचा वंश टिकावा हा नव्हे. तेव्हां आजच्या रक्षणविद्येचा उगम तेथें दाखविणें ही अतिशयोक्ति होईल. काश्मीरच्या डोंगरावर तर त्याचा शिशिराचा नियम चालणेंही कठीण, कारण तेव्हां तेथें बर्फ असतें. तरी पण एवढें खरें कीं चरकाच्या लेखीं द्रव्य हें एका जागीं, एका ऋतूंत उभें असतें आणि तेथवर कोणी तरी चालत जातें. निघंटूंत तें चालणें संपलें. निघंटूंतील द्रव्य आरंभापासून वाळलेलेंच असतें.

मराठींत या विषयावर लिहिलें गेलें तें परिश्रमानें लिहिलें गेलें. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'वनौषधि-गुणादर्श' आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा १९२७ सालचा 'ओषधीसंग्रह' हे ग्रंथ जुन्या घरांतून अद्याप जपून ठेविलेले आढळतात, आणि त्यांची पानें जीर्ण झालेलीं असतात तीं वापरानें. घरांतल्या वडील बायकांना जी औषधें तोंडपाठ होतीं त्यांना शास्त्राची जोड देणें, आणि पाश्चात्य पद्धतीच्या वैद्यकाला देशी द्रव्यांची ओळख करून देणें, हीं कामें अशा पुस्तकांनीं केलीं. त्यांच्या कर्त्यांवर आज शंभर वर्षांनीं रोपांच्या नाशाचा आरोप ठेवणें हा बालिशपणा होईल. आमचें म्हणणें त्यांच्या मागून आलेल्यांविषयीं आहे. आज दुकानांत मिळणारीं जीं औषधि-वनस्पतींचीं नवीं नवीं पुस्तकें आम्ही चाळलीं, त्यांत रंगीत चित्रें आलीं, लॅटिन नांवें आलीं, रासायनिक घटकही आले. पण 'उत्पत्तिस्थान' या मथळ्याखालीं अद्याप एकच ओळ असते. कोष्ठ काश्मीरांत होतें, येवढें सांगून ग्रंथकार मात्रेकडे वळतो. तें काश्मीरांत अजून आहे किंवा कसें, हें सांगणें आपल्या कर्तव्यांत मोडतें असें त्यास वाटत नाहीं.

मधल्या काळांत ग्रंथांनीं जें लिहिलें नाहीं तें कायद्यांनीं लिहिलें. काश्मीर संस्थानानें संवत् १९७८ मध्यें, म्हणजे १९२१ सालीं, एकट्या कुठासाठीं स्वतंत्र कायदा केला. त्याचें वाचन मनोरंजक आहे, कारण त्यांत ही वनस्पति रक्षणीय ठरली ती दरबारच्या उत्पन्नाची वस्तु म्हणून. चोरी व्हावयाची ती खजिन्याची, डोंगराची नव्हे. त्याच दशकांत लाहूल खोऱ्यांत काश्मीरकडील बियाण्यावर तिची शेती सुरू झाली, आणि बटाट्यानें तिची जागा घेईपर्यंत तेथील शेतकऱ्याच्या हातीं रोख पैसा आला तो बराचसा कुठाच्या मुळांतून. पुढें दुर्मिळ प्राणी व वनस्पति यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार झाला; त्यांत कुठ १९७५ सालीं दुसऱ्या परिशिष्टांत आलें आणि १९८५ सालीं सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टांत गेलें. आपल्या वन्यजीव-संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याला १९९१ सालीं जी दुरुस्ती झाली तींत साऱ्या देशांतून अवघ्या सहा वनस्पती वा वनस्पतिवर्ग संरक्षणासाठीं निवडले गेले; त्या सहांत कुठ होतें. जगांतील संकटग्रस्त जातींच्या यादींत तें आतां अत्यंत संकटग्रस्त या वर्गांत आहे.

इतके कायदे असतां अडचण कोणती, असें वाचक विचारील. अडचण जागेचीच आहे. जेथें हें झाड रानटी स्थितींत उरलें आहे तेथें तें एका सलग रानांत नाहीं. एका उतारावर थोडीं रोपें, मग दोन दऱ्या सोडून आणखी थोडीं, असें विखुरलेलें आहे. इतक्या थोड्या रोपांत परागांची देवघेव नीट होत नाहीं, आणि एखादी दरड, एखादा कठीण हिंवाळा, एखादी खणणारांची टोळी एवढ्यानें एक वस्ती कायमची बुडते. उन्हाळ्यांत मेंढपाळ याच कुरणांत येतात. त्यांचा हक्क पिढीजात आहे, आणि तो बुडवून रोप राखूं म्हणणाऱ्यानें त्या माणसांना काय द्यावयाचें तें आधीं सांगावें. गुरेझकडला मुलूख तर शस्त्रसंधीच्या रेषेला लागून. वनरक्षकानें हिंडावें कोठें, हेंही तेथें लष्कराला विचारून ठरतें. शिवाय हवामान तापत चाललें आहे. थंडीच्या शोधांत वनस्पतींस वर सरकावें लागतें, आणि डोंगराला माथा असतो.

यावर एक सोपा उपाय वारंवार सुचविला जातो: शेती करा, म्हणजे रान आपोआप वांचेल. लाहूलचा अनुभव पाहतां हें अर्धेंच खरें आहे. शेतांतल्या कुठानें बाजाराची भूक पुष्कळशी भागविली, यांत शंका नाहीं, आणि त्या शेतकऱ्याला आम्ही नांवें ठेवणार नाहीं. पण वाळलेल्या तुकड्याकडे पाहून तो शेतांतला कीं डोंगरावरचा हें व्यापाऱ्यास सांगतां येत नाहीं, आणि बहुधा सांगावयाचेंही नसतें. त्यामुळें शेतीच्या कागदाआड रानांतला माल खपूं शकतो. उलट खऱ्या शेतकऱ्याला आपला माल शेतांतलाच असल्याचे दाखले मिळवितां मिळवितां हंगाम निघून जातो. आणि दुसरें असें कीं, थोड्या बियाण्यापासून वाढलेलें पीक म्हणजे ती सबंध जात नव्हे. दरीदरीगणिक थोडे थोडे वेगळे झालेले जे वंश डोंगरावर आहेत, त्यांतला कोणता उद्यां रोगाला किंवा उष्म्याला टिकेल हें शेताच्या बांधावर बसून कळावयाचें नाहीं. तो निवाडा जेथल्या तेथें, शतकानुशतकें, बर्फ आणि भुंगे करीत आले आहेत. शेत ही पेढी असेल. मूळ भांडवल डोंगरावर आहे.

ग्रंथांवर आम्ही एवढा दोष ठेविला, तेव्हां त्याविरुद्ध जाणारें एक उदाहरण सह्याद्रींतलें आहे तेंही दिलें पाहिजे. नरक्या हें झाड आपल्या निघंटूंच्या प्रतिष्ठित मंडळींत कधीं नव्हतें. फुलांच्या दुर्गंधीमुळें त्यास हें नांव पडलें, आणि कोंकणांत त्याला कोणी विचारीत नसे. १९७२ सालीं गोविंदाचारी आणि विश्वनाथन् या शास्त्रज्ञांनीं त्यांत कॅम्प्टोथेसिन हें द्रव्य दाखविलें, त्या द्रव्यापासून कर्करोगावरचीं औषधें पुढें निघालीं, आणि सह्याद्रींतलीं नरक्याचीं झाडें तोडून, तुकडे करून परदेशीं जाऊं लागलीं. येथें निघंटु नव्हता तरी झाड वांचलें नाहीं. म्हणजे केवळ निघंटूची रचना बदलून डोंगर राखला जाईल असें आम्ही म्हणत नाहीं. पण प्रयोगशाळेच्या निबंधाची रचनाही तीच आहे हें लक्षांत घ्यावें: द्रव्य, प्रमाण, उपयोग. झाड उभें कोठें होतें, तेथें किती होतीं आणि तोडल्यावर किती राहिलीं, याला त्या निबंधांतही रकाना नसतो. नरक्याचा बुंधा निदान पुन्हां फुटूं शकतो. कोष्ठाला ती सोय नाहीं.

म्हणून मराठींत औषधि-वनस्पतींचा जो कोणी पुढचा मोठा कोश रचील, त्याच्यापाशीं आमचें मागणें असें आहे. कोष्ठाच्या नोंदींत रस-वीर्याच्या आधीं त्यानें ठिकाण लिहावें. तें आतां तेथें किती उरलें आहे तें लिहावें. बाजारांतलें मूळ शेतांतलें असल्याची खात्री कशी करावयाची तें लिहावें. आणि मूळ खणण्यापूर्वी बीं पिकून गळलें पाहिजे हा नियम मात्रेइतक्याच ठळक अक्षरांत छापावा. पुष्करमूळाच्या नोंदीखालीं प्रतिनिधि म्हणून कोष्ठाचें नांव छापण्याची चाल मात्र त्यानें बंद करावी.